एका टाकीवर चाळीस नळ

लातूरच्या त्या गल्लीत घरचा नळ कोरडा म्हणून टँकरची वाट बघत रेणुका घागर घेऊन रांगेत उभी होती. शेजारच्या ओट्यावर लिंबाजीकाका यासेरवर भडकले होते. त्यांच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट यासेरच्या सर्व्हरवर होती.

“उद्या मेळावा हाय अन् आज साइट बंद? लोकांनी नावनोंदणी कुठं करायची?”

“काका, सर्व्हर एक अन् त्याच्यावर साइटी चाळीस. एका फोटोवाल्यानं लग्नांचे व्हिडिओ चढवले, सगळा सर्व्हर एकट्यानं ओढला.”

“मला कळंल असं सांग.”

“टाकी एक, नळ चाळीस. त्यानं नळाला मोटार लावली. तुमच्याकडं थेंब न्हाई.”

“मग तोड की त्याचं कनेक्शन! शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवतो अन् त्याला लाज न्हाई?”

“तो म्हणतो, सगळेच लावतात.”

“सगळे लावतात म्हणून ह्यानंबी लावायची? असल्याला भर चौकात उभं करून इचारलं पाहिजे!”

तेवढ्यात आतून काकांच्या बायकोची, कोंडाबाईंची हाक आली, “अवं, नळ आलाय! मोटार लावू का?”

रेणुकानं घागर ओट्यावर आदळली.

“चौकात कशाला काका? इथंच इचारते की.”