झाकण बसेपर्यंत

नाही मेहबूबभाई, झाकण लागल्याशिवाय मशीन नाही देता येणार — हो, चालतंय, तेच तर सांगते आहे — तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या चारही रॅमच्या पट्ट्या चांगल्या आहेत, पण त्या तीस पिनांच्या, ह्या नव्या मशीनच्या स्लॉटला लागतात बहात्तर, म्हणून मधे हा कन्व्हर्टर आणि त्याच्या डोक्यावर चौघी उभ्या. मेमरी सोळा एमबी दाखवते, तुमच्या छापखान्याच्या लग्नपत्रिकेचा मराठी फॉन्ट झटकन उघडतो. दोनदा बघितलं. मी सगळंच दोनदा बघते, भिंतीवर डिप्लोमा टांगलेला आहे तरी. फक्त उंची — दोन बोटं वर येतंय, झाकण बसत नाही.

राहू द्या उघडं, हवा लागेल — हे तुम्ही आत्ता म्हणालात ना, हे माझंच वाक्य आहे. घरच्या मशीनला मीही असाच कन्व्हर्टर लावला, आणि ह्यांना म्हटलं, राहू द्या उघडं. मग पोरगी उभं राहायला शिकली. कशाला धरून? कॅबिनेटच्या पत्र्याला. ती कड कशी असते तुम्हाला माहीत आहे, आपलं बोट कापलं की आपण चोखतो आणि पुढचा स्क्रू काढतो. तिला चार टाके पडले. आता बोट वाकतं, पण टोकाला काही कळत नाही — डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली, तर ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. तेव्हापासून मलाही काही — जाऊ द्या.

आई, म्हणजे सासूबाई, रोज ह्यांनाच बोलतात. "काऊन उघडं ठेवलं होतं बे निवृत्ती, लेकराचा हात नासवला ना." हे खाली मान घालून जेवतात. "बायकोच म्हणाली होती" असं ह्यांच्या तोंडातून एकदाही नाही. आणि मी कुठे असते? तिथेच, वाढत असते. भाजी हवी का विचारते. चार महिने झाले — आणि सांगून कोणाला बसले, तर तुम्हाला.

तुमचा नातू रांगतो ना? मग झालं. आडवा कन्व्हर्टर मिळतो, त्यात पट्ट्या निजवून बसतात, अकोल्याहून मागवते. आठ दिवस लागतील. पत्रिका थांबू द्या.

स्कूटर वाजली, हेच आले. नाही, ह्यांना काय सांगायचं, ह्यांना माहीत आहे. सांगायचं ते आईंना — त्या आत घरात तांदूळ निवडत बसल्यात.

निघा तुम्ही, धामणगावची गाडी जाईल. आणि जाताना ते दार पुढे ओढून घ्या.