नोंद क्रमांक सतरा

...अन रकाने किती? पाच! तुमाला सांगतो, भाकरी करपली का न्हाई हे बघायला पाच रकाने लागतेत का हो? वास येतो की! पण न्हाई. आता पोराची वही वाचायची न्हाई, वहीला तक्ता लावायचा. रुब्रिक म्हणतेत त्याला. उभे निकष पाच, आडवे स्तर चार, मधी नुस्ते चौकोनच चौकोन. अन त्या चौकोनांत सापडलेत आमच्या गावचे महारुद्र गुरुजी. एकोणतीस वर्षं पोरांच्या वह्या वाचून डोळ्याचा नंबर वाढवून घेतलेला माणूस, त्याच्या हातातला लाल पेन काढून घेतला. लाल पेनानं म्हणं पोरांची मनं दुखावतेत! गुरुजीचं मन? त्याला रकानाच न्हाई.

गंगाखेडच्या अलीकडं आमचं गाव, सातवीपस्तोरची शाळा. गुरुजी ट्रेनिंगला गेले तर तिथं श्रीनिधी मॅडम म्हणून तज्ज्ञ, बोलणं कसं, तुपात घोळलेलं: "सर, मुलाला 'चूक' असं म्हणायचंच नाही हं. अभिप्राय नेहमी सकारात्मक!" गुरुजी उठले. म्हणले, "मॅडम, पोरानं सात आठ्ठे पंचावन्न लिहिलं तर?" मॅडम गोड हसल्या, "मग लिहायचं, 'उत्तराच्या अगदी जवळ पोहोचला आहे'!" अरे देवा! असं असंल तर आमच्या गावात निवडणुकीत पडलेले समदेच सरपंचपदाच्या अगदी जवळ पोचलेत की!

बरं, अभिप्राय तरी स्वतःच्या मनानं लिहू देतेत का? कशाचं काय! तयार नोंदींची यादी आली मोबाईलवर, एक ते चाळीस. त्यातली उचलायची, ॲपमधी टाकायची. अन वर देखरेखीला केंद्रप्रमुख बन्सीधर साहेब. बारा शाळांचा जिम्मा त्यांच्याकडं, अन तोंडात एकच वाक्य. काही इचारा. पाऊस येईल का साहेब? "निकष म्हणजे निकष!"

गुरुजींनी मुकाट्यानं तक्ता भिंतीला लावला. सोबत नमुना निबंध बी आला व्हता, 'वृक्षांचे महत्त्व', तो बी शेजारी चिकटवला. पोरं काय येडी हायेत? आठ दिवसांत पोरांनी तक्ता गुरुजीपेक्षा चांगला पाठ केला. प्रस्तावना पाहिजे, सुविचार पाहिजे, शब्दमर्यादा पाहिजे, अक्षर सुवाच्य पाहिजे, अन शेवटी संदेश पाहिजे. मार्च संपता संपता वार्षिक निबंध आला, 'मी पाहिलेले लग्न'. सातवीत पोरं सत्तावीस. सव्वीस वह्यांत पहिली ओळ एकच, "विवाह हा मानवी जीवनातील एक महत्त्वाचा संस्कार आहे." अन शेवटची ओळ? भिंतीवरची! "म्हणून झाडे लावा, झाडे जगवा." लग्नाच्या निबंधात! गुरुजींनी परमेश्वर नावाच्या पोराला इचारलं, "का रे बाबा, लग्नात झाडं कुठून आली?" तर म्हणतो कसा, "गुरुजी, संदेश पाहिजे व्हता ना. तो तेवढाच येतो." सव्वीसच्या सव्वीस पोरं स्तर चार, म्हंजे समद्यात वरची. काय करता? निकष म्हणजे निकष!

आता सत्ताविसावी वही. राजनंदिनीची. ही अप्पारावची पोरगी, बोलायला कमी, पण बघायला लय पक्की. अन इथं गोम अशी, की अप्पारावनं घरी सांगून ठेवलं व्हतं, "कागदावर लेवल चांगली आली तर आठवीला गंगाखेडला धाडतो. न्हाई आली तर बस घरी, शिवण शिक." म्हंजे बघा, पोरगी शाळंत जाणार का मशीनवर बसणार, हे त्या चौकोनावर आलं. गुरुजींना हे ठाऊक व्हतं. त्यांना जेवण गोड लागंना.

पोरीनं लिहिलं काय? प्रस्तावना न्हाई, काही न्हाई, एकदम सुरू: "लग्न बारा पस्तीसचं होतं. बारा पस्तीसला नवरदेव दाढी करत होता. नवरदेवाच्या मामांना वरणात मीठ कमी लागलं म्हणून ते रुसून टेम्पोत जाऊन बसले. त्यांना काढायला माझे पप्पा गेले. मामांनी पप्पांना तंबाखू दिली. मग पप्पा पण टेम्पोतच बसले. त्यांना काढायला दोन काका गेले. ते पण बसले. साडेतीनला टेम्पोवाला म्हणाला, मला दुसरं भाडं आहे. तेव्हा सगळे उतरले अन लग्न लागलं."

गुरुजी एकटेच वर्गात बसून हसले, चष्मा पुसला, अन मोबाईल काढून ॲपमधी दाबला स्तर चार. म्हणले जे होईल ते होईल.

झालं! तिसऱ्या दिवशी बन्सीधर साहेब तपासणीला हजर. "महारुद्र, ही वही स्तर चार? प्रस्तावना कुठंय?" गुरुजी म्हणले, "साहेब, एकदा मोठ्यानं वाचा. एवढंच मागतो." साहेब वाचायला लागले. दाढीच्या ओळीपाशी गालात हसले. टेम्पोपाशी खो खो हसले, दस्तीनं डोळे पुसायलेत, पोट धरायलेत, पोरं हसायलीत, खिडकीतून खिचडीवाली सरजाबाई हसायली! अन मग साहेब शेवटच्या ओळींवर आले.

"नवरी माझी ताई होती. तिचा बारावीचा पेपर सोमवारी होता. लग्न रविवारी होतं. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा ताई ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. बायांना वाटलं देवाचं नाव घेतेय. मी जवळ उभी होते. ताई पेशीचे भाग म्हणत होती. सोमवारी पेपर झाला. ताई गेली नाही."

  साहेबांनी दस्ती खिशात घातली अन त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या.  गुरुजींना वाटलं, चला, ह्या माणसात माणूस हाय. साहेबांनी घसा खाकरला, म्हणले, "लय भारी लिहिलंय पोरीनं. माझ्या अंगावर काटा आला बघ, महारुद्र." अन बोटांवर मोजायला लागले, "पण प्रस्तावना न्हाई. सुविचार न्हाई. शब्दमर्यादा ओलांडली. संदेश... संदेश तर कुठंच न्हाई! अक्षर तेवढं सुवाच्य. स्तर एक."

"साहेब, काटा आला म्हणता ना?"

"काट्याला रकाना हाय का? निकष म्हणजे निकष!"

गुरुजी हात जोडून म्हणले, अभिप्राय तरी माझ्या मनचा लिहू द्या, 'बाई, तू खरं लिहितीस, लिहायचं सोडू नको', एवढंच. साहेब म्हणले, "अंहं, यादीतला पाहिजे. सतरा नंबर टाक: 'लेखनाची आवड निर्माण होत आहे'." अन स्वतःच्या हातानं ॲपमधी एक दाबून, चहा पिऊन, गाडीला किक मारून गेले. गुरुजी पायरीवर बसून ऱ्हायले. लाज वाटली त्यांना, स्वतःची.

मे महिन्याच्या एक तारखंला निकाल. अप्पाराव आला, पांढरं धोतर, कागूद हातात धरून उभा. "गुरुजी, एक लेवल म्हंजे समद्यात खालची ना? मग ठरलं. पोरगी घरी." राजनंदिनी मागं उभी, मान खाली. आता गुरुजींचं टाळकं सरकलं. त्यांनी कागूद बाजूला सारला, कपाटातून वही काढली, म्हणले, "अप्पाराव, बसा. हे ऐका, मग काय ठरवायचं ते ठरवा."

वाचली. टेम्पो आला तसा अप्पाराव मांडीवर थाप मारून हसला, "अगं माय! खरंच की! तंबाखूपायीच बसलो व्हतो मी!" गुरुजी थांबले न्हाईत. पेशीच्या भागापस्तोर वाचत गेले. अप्पारावचं हसू जागच्या जागी वाळलं. पोरीकडं वळला. "पेपर व्हता तिचा? मला कुणी सांगितलं न्हाई."

राजनंदिनी पहिल्यांदा बोलली. "मी आले व्हते सांगायला, पप्पा. तुमी टेम्पोत व्हता."

अप्पाराव उठला. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. म्हणला, "गुरुजी, गंगाखेडची येष्टी सकाळी कितीला ऱ्हाती?"

झालं की नीट! मग मी कामून रडगाणं गायलोय, म्हणता? आवं, त्या निकालाच्या कागदावर पालकाचा अभिप्राय घ्यायचा बी रकाना असतो! अन त्यात अप्पारावनं घसघशीत अक्षरात लिहिलं, "हा कागूद काही कामाचा न्हाई. गुरुजींनी वही वाचून दाखिवली तवा कळलं." गेला तो कागूद सरळ बन्सीधर साहेबांकडं! आता गुरुजींना तक्ता लागला. निकष पहिला, 'रुब्रिकचा वापर', स्तर एक. अन हुकूम आला: जून उघडला की पाच दिवस गंगाखेडला पुन्हा ट्रेनिंग. गुरुजी फोन करून म्हणले, "साहेब, पोरगी शाळंत गेली ना!" तिकडून काय आलं असंल? सांगायला पाहिजे का? निकष म्हणजे निकष!

तर जूनमधी सकाळची येष्टी. पुढच्या शिटावर राजनंदिनी, नवं दफ्तर मांडीवर. मागच्या दारानं गुरुजी चढले, तिकीट काढलं, तिच्या शेजारी टेकले. पोरगी चमकली. "गुरुजी, तुमी कुठं निघालाव?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी बी शाळंलाच निघालोय, बाई. वही कशी वाचायची, ते मला अजून येत न्हाई म्हणं."