बाई, तुम्हाला कुठे सोडू?

सन्माननीय अध्यक्ष श्री. टॅटरसॉल, मंचावर बसलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या श्रीमती ऑग्डन, हॅस्लेडेन जोडसायकल मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी, पुढच्या सीटवरची थोर मंडळी, आणि ज्यांच्या पायांशिवाय या थोरांपैकी एकालाही बार्ली बँकची चढण चढता आली नसती, त्या मागच्या सीटवरच्या माझ्या बंधुभगिनींनो,

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय का? हात वर करा. छान. पहिल्या रांगेची मला कधीच काळजी वाटली नाही. त्यांना सगळं आधी मिळतं, थंड वारासुद्धा.

प्रथम आभार. चॅपेलच्या बायकांनी सकाळपासून राबून पोर्क पायची पेस्ट्री आणि बिटाचे सँडविच केलेत, त्यांचे आभार. श्रीमती ऑग्डन इतक्या कामांतून वेळ काढून आल्या. मोटारीतून आल्या, पण तेवढं आम्ही चालवून घेऊ. आणि अध्यक्षांचे आभार, कारण त्यांनी आत्ता आमच्या क्लिफर्डबद्दल इतकं गोड भाषण केलं की मला शेजारणीला विचारावं लागलं, हे नक्की माझ्याच नवऱ्याबद्दल चाललंय ना?

श्रीमती ऑग्डन, तुम्ही मघापासून टेबलावरच्या त्या चेपलेल्या किटलीकडे बघताय. सत्कारात चांदीचा चषक देतात, इथे भंगारातली किटली कशी, असं तुम्हाला वाटलं असेल. ती आमची 'तोंडाळ किटली'. टँडमवर, म्हणजे आपल्या जोडसायकलवर बसलेल्या माणसाला रस्त्यानं जाणारा येणारा प्रत्येक जण टोमणा मारतो. जणू पालिकेनं तसा नियमच केलाय! तर वर्षभरात ज्यानं टोमण्याला सर्वांत झकास उत्तर दिलं, त्याला ही किटली. अटी दोनच. उत्तर पुढचा दिव्याचा खांब मागे पडायच्या आत द्यायचं, आणि ते मागच्या सीटवरच्यानंच द्यायचं. पुढच्याच्या हातात हँडल असतं, ब्रेक असतात, त्यानं रस्ता बघावा. मागच्याच्या हातात काय असतं? काहीच नाही. म्हणून मंडळानं त्याच्या ताब्यात तोंड दिलं.

माझ्या घरी ही किटली इतक्या वेळा येऊन राहिली आहे की तिला आमच्या फडताळात स्वतःची जागा आहे. फुशारकी नाही मारत. मारतेय, पण थोडी.

आता हेझल आणि ओवेन, जरा उभे राहा बघू. लाजू नका. ही आमची टँडम आजपासून या दोघांची. हेझल, तू मागे बसणार, म्हणून तुला चार गोष्टी सांगते. लोकांना वाटतं आपला टोमणा एकदम ताजा आहे. प्रत्यक्षात त्यातले नव्वद टक्के एकच असतात. "ओ साहेब, मागची पायडल मारत नाहीये!" पोरं ओरडतात, म्हातारे ओरडतात, एकदा अंत्ययात्रेच्या गाडीचा चालक ओरडला होता. त्यावर रागवायचं नाही. "गप्प बसा, त्याला अजून कळलेलं नाही!" एवढं म्हणायचं आणि हात हलवायचा. "दोघांत एकच परवडली का?" असं कुणी विचारलं, तर म्हणायचं, "दुसरी होती हो, पण तिच्यावर बसणारा पळून गेला." "काडीमोड झाला तर अर्धी कशी करणार?" हा प्रश्न बहुतेक नवरेच विचारतात. त्यांच्या बायकोकडे बघून म्हणायचं, "तुम्ही कशी केलीत, ते सांगा." एवढ्यानं काम होतं. आणि कुणी ते जोडसायकलचं जुनं गाणं म्हटलं, तर गाऊ द्यावं. गाण्यावर उत्तर नाही.

मुख्य गोष्ट ही की शब्द मनाला लावून घ्यायचे नाहीत. हे मला कुणी शिकवलं? त्या तिथं खिडकीजवळ गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसलाय, त्यानं.

मी तेव्हा गिरणीत कामाला होते. क्लिफर्डनं पहिल्यांदा मला टँडमवर बसवलं आणि शहाण्यानं नेली कुठून, तर पाळी सुटायच्या वेळेला गिरणीच्या फाटकासमोरून! आमच्या खात्यातल्या सगळ्या बाया तिथे. एक जण ओरडली, "अगं मेव्हिस, फुकटची सवारी मिळाली गं तुला! पाय तरी हलव!" सगळ्या खदखदून हसल्या. मी घामाघूम झाले होते हो. मांड्या भरून आल्या होत्या. मी रडायलाच लागले. म्हटलं, "थांबव. मी उतरते. मी मरमर मरतेय आणि कुणाला दिसत नाही."

त्यानं थांबवली नाही. मागे वळूनही बघितलं नाही, टँडमवर पुढच्यानं मागे वळायचंच नसतं. नुसता म्हणाला, "मलाही दिसत नाही गं. पण दोघांची पायडलं एका साखळीनं बांधलीत. तू जोर लावलास की माझ्या पायाला कळतं. त्यांना काय कळायचंय?"

श्रीमती ऑग्डन, प्रेमाच्या गोष्टी लोक बऱ्याच करतात. मला आयुष्यात एवढीच पुरली. पुढे भांडणं झाली, अबोले झाले, मूल झालं नाही त्याचं दुःख झालं. एकमेकांशी बोलत नसलो तरी रविवारी आम्ही टँडम काढायचो. चढणीला लागलो की मी पाय रेटायची आणि तो पुढून म्हणायचा, "आलीस का, म्हातारे?" म्हणजे भांडण मिटलं. तेव्हा आम्ही तिशीतसुद्धा नव्हतो.

आता किटलीकडे येते. अध्यक्षांनी मघाशी सांगितलं की मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा किटली पुढच्या सीटवरच्या माणसाला मिळतेय, नियम मोडून, एकमतानं. आणि त्यांनी तो प्रसंग काय सुरेख रंगवला! बसथांब्यावर रांग, रांगेत त्यांची बहीण. आम्ही सिग्नलला थांबलेलो. कुणीतरी ओरडलं, "आजोबा, मागची पायडल मारत नाहीये!" आणि आमचा क्लिफर्ड सावकाश मागे वळला, त्यानं मला नीट न्याहाळलं, टोपी किंचित उचलली आणि विचारलं,

"बाई, तुम्हाला कुठे सोडू?"

हं. आत्ताही हसलात. हसण्यासारखंच आहे. अख्खा बसथांबा हसला होता. एक बाई तर पिशवी खाली ठेवून हसली. आम्ही आपल्या नेहमीच्या कॅफेत पोचेपर्यंत गोष्ट आमच्या आधी पोचली होती, आणि तुम्ही सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, "वा क्लिफर्ड, जन्मात एकदा तोंड उघडलंस आणि मेव्हिसला गार केलंस!" तोही हसत होता. सगळे हसतायत म्हणून हसत होता.

मंडळी, तो विनोद नव्हता.

नाही, अध्यक्ष महाराज, बसा तुम्ही. तुमची काही चूक नाही. हसण्याच्याच गोष्टी ऐकायची सवय आहे आपल्याला, या मंडळात दुसरं काय ऐकू येणार? त्याआधी वर्षभर तो वाटा विसरत होता. तुम्हाला कळलं नाही, कारण टँडमवर कळत नाही. मी मागून सांगायची, "डावीकडे घे. पुढे खड्डा. आता ब्रेक." तो ऐकायचा. लोक ओरडत होते की मागची काही करत नाही, आणि मागची अख्खी सायकल तोंडानं हाकत होती. त्या दिवशी त्यानं वळून माझ्याकडे बघितलं ते अनोळखी बाईकडे बघतात तसं. सभ्य माणूस आहे. कुणी परकी बाई आपल्या सायकलवर बसलीय तर तिला उतरवून द्यावं का? जिथे जायचंय तिथे सोडावी, म्हणून विचारलं.

खांब जवळ आला होता. मागच्यानं उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हटलं, "घरापर्यंत."

"बरं," म्हणाला.

तुम्ही थापा मारत होतात तेव्हा मी का बोलले नाही? फार दिवसांनी त्याला हसताना बघत होते म्हणून. दुसरं काही कारण नाही.

कॅफेतून परत जाताना चढणीवर मी पाय रेटले. थोड्या वेळानं तो पुढून म्हणाला, "पायडल चांगलं मारता हो तुम्ही. आमची मेव्हिस अशीच मारते."

तुम्हाला सांगते, मी आनंदानं ओरडायची बाकी होते. नाव गेलं, तोंडवळा गेला, पण पायाला कळतंय! मग मी ठरवलं, डॉक्टर काही म्हणोत, रविवार चुकवायचा नाही. सिग्नलला लोक टोमणे मारायचे, मी उत्तरं द्यायची. तो विचारायचा, "बाई, कुठे सोडू?" मी म्हणायची, "घरापर्यंत." आणि चढण आली की मी वाट बघायची, आता म्हणेल, आमची मेव्हिस. म्हणायचा. हिवाळाभर म्हणत होता. मंडळी, मी तेवढ्यावर जगले. माणूस कशावरही जगतं.

मग या वसंतात आम्ही बार्ली बँक चढत होतो. अर्ध्यात तो थांबला. पाय खाली टेकले आणि स्वतःशीच म्हणाला, "जड झालीय आज. मागे कुणी नाहीये."

मी मागे होते हो. आयुष्यात मारलं नसेल इतक्या जोरानं मारत होते. मी म्हटलं, "क्लिफर्ड, मी आहे." तर तो घाबरला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "कोण बोलतंय?"

मी उतरले, त्याला उतरवलं, आणि आम्ही सायकल हातात धरून चालत खाली आलो. तेवढ्यात एक गाडीवाला काच खाली करून ओरडला, "दोघं असूनही ढकलावी लागते का?" बिचाऱ्याला काय माहीत. किती खांब मागे गेले, मला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर टँडम बाहेर काढली नाही.

हेझल, रडू नकोस गं. तुला घाबरवायला नाही सांगितलं. उलट सांगते, ओवेनला तुझा जोर पायात कळतोय तोवर लोकांना खुशाल ओरडू दे. फक्त मधूनमधून त्याला विचारत जा, कळतंय ना? आम्ही कधी विचारलं नाही, गृहीत धरलं.

कुणी म्हणेल, मेव्हिस, धीर धर, नवी औषधं येतायत. या हॉलमध्ये दोन-तीन जण तसं म्हणायला टपलेत, मला दिसतायत. कृपा करून म्हणू नका. माझं सगळं विचारून झालंय. आता उतार आहे आणि ब्रेक माझ्या हातात नाही.

सोमवारी क्लिफर्ड ॲश लेनवरच्या वृद्धनिवासात जातोय. चांगली जागा आहे, खिडकीतून रस्ता दिसतो, सायकली जाताना दिसतील. मी तिथल्या व्यवस्थापक बाईंना विचारलं होतं, मलाही इथे राहता येईल का. त्या चांगल्या आहेत बोलायला. म्हणाल्या, "इथे सगळ्या खोल्या एकेकट्याच्या आहेत हो." आजचा हा समारंभ कशाचा आहे, हे क्लिफर्डला ठाऊक नाही. फुलं, सँडविच, ट्रायफलचं पुडिंग बघून तो मला सकाळपासून विचारतोय, "लग्न कुणाचं आहे? नवरामुलगा कुठाय?"

तर आता तुम्हा सगळ्यांकडे एक काम आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी ही किटली कधी ना कधी जिंकलीय. इतकी तिखट तोंडं लँकेशायरमध्ये दुसरीकडे एकत्र सापडायची नाहीत. सोमवारी मी त्याला तिथे पोचवीन, त्याचा कोट खुंटीला लावीन आणि निघायला वळेन. तेव्हा तो विचारणार. नक्की विचारणार, कारण बाकी सगळं गेलं तरी रीत गेलेली नाही. "बाई, तुम्हाला कुठे सोडू?" इतके दिवस माझं उत्तर ठरलेलं होतं, घरापर्यंत. सोमवारी ते चालणार नाही. मी आठवडाभर दुसरं शोधतेय. तुमच्यापैकी कुणाला सुचलं, तर चहाच्या वेळी माझ्या कानात सांगा. खांब यायच्या आत लागेल.

अध्यक्ष महाराज, वेळ जास्त घेतला. आभारांत कुणाचं नाव राहिलं असेल, हसायला आलेल्यांना मी भलतंच ऐकवलं असेल, त्याबद्दल म्हातारीला माफ करा. तुम्ही आम्हा दोघांना इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आणि रस्त्यावर आम्हाला कधी एकट्यानं हसायची वेळ आणली नाहीत, याचे आभार मानायला मला नीट जमणार नाही, म्हणून मानत नाही. किटली क्लिफर्डचीच आहे. परत घेऊ नका. तिच्यात कुणीतरी गरम चहा मात्र भरा, रिकामी दिलीत तर तो तक्रार करेल.

मी आता त्याला हात धरून वर घेऊन येते. आम्ही दोघं इथे शेजारी उभे राहिलो की जोरात टाळ्या वाजवा. त्याला वाटेल, लग्न लागलं.