फोनला लावलेलं कुंकू

फोनची पूजा करायचीच असेल तर पाठीमागून करा, बाबांनो. खंडेनवमीला आईनं विळा पुजला, शिलाई मशीन पुजली आणि माझ्या नव्या फोनलाही कुंकू लावलं, नेमकं वरच्या सेन्सरवर. तेव्हापासून कॉल चालू झाला की स्क्रीन काळी पडायची, फोन कानापासून काढला तरी काळीच.

दुसऱ्या दिवशी ताईला बघून गेलेल्या पोराच्या वडिलांचा उदगीरहून फोन आला. "दोन दिवसांत कळवतो," म्हणाले. स्क्रीन काळी, मला वाटलं फोन कटला.

आई शेजारीच होती. म्हणाली, "पोरगा सोन्यावानी हाय, पण बाप लई बोलतो."

फोनमधून आवाज आला, "आमच्या घरी बी हेच म्हणतात, विहीणबाई."

ते कुंकू मी साखरपुडा झाल्यावरच पुसलं.