त्र्याहत्तर सालचा ब्लॉक

करीम : नंबर मी कुठं घातला? नमुन्यावर हुता, लाकडाच्या पॅटर्नवर आला. पॅटर्नवर आला, ओतकामात उतरला. ह्यात माझी चूक काय, ती दाखव.

तेजस्वी : चूक म्हणत नाही मी, करीमचाचा. नुसतं विचारतेय. इंग्लंडच्या गॅरेजवाल्याला काल इंजिनाच्या आठही ब्लॉकचे फोटो पाठवले. त्यानं लिहिलं, काम सुरेख झालंय, पण जुन्या कारखान्याचा नंबर आणि तारीख तुमच्या ब्लॉकवर कशी?

करीम : त्यानंच पाठवलेल्या ब्लॉकवर हाय की. फुटका ब्लॉक पेटीतनं निघाला तवा तूच माझ्या वर्कशॉपात यिऊन म्हणालीस, चाचा, बाहेरनं सुतभर फरक नको. म्हणालीस का न्हाय?

तेजस्वी : आकाराबद्दल म्हणाले होते.

करीम : आकडा बी आकारच की. आमच्या अब्बांच्यापासनं एकच रीत हाय. पार्टी नमुना देती, नमुन्यात असंल ते पॅटर्नमधी येतं. ह्यातलं घ्या, त्यातलं सोडा, हे पॅटर्नवाल्यानं ठरवायचं न्हाय. आमचं पोरगं, उजैर, म्हणत हुतं, अब्बा, आकडे मशीनवर काढून देतो. म्हटलं, मशीन सरळ काढंल रं. तिथल्या कामगारानं सात कलता बसवलाय. बघ, शेंडा डावीकडं गेलाय. मी पितळेची पट्टी घेतली, एकेक आकडा कानशीनं काढला, आन सात तसाच कलता बसवला.

तेजस्वी : त्या सातानंच सगळा घोळ केलाय.

करीम : का? नीट बसला न्हाय?

तेजस्वी : फार नीट बसलाय.

करीम : मग झालं की. चहा घेतीस?

तेजस्वी : शुक्रवार आहे ना, माझा उपास. तुम्ही घ्या. आणि जरा बसा, तुम्हाला सांगते काय झालंय ते.

करीम : बसतो, पण दीडच्या आत मला मशिदीत जायचंय. शुक्रवार माझा बी हाय.

तेजस्वी : वेळेत सोडते. हे बघा, ही गाडी पळायची फार. तेव्हाच्या शर्यतींत नाव होतं तिचं. पण इंजिन तापलं की ब्लॉक दोन सिलिंडरच्या मधे तडकायचा. कारखाना कधीचाच बंद झाला. आता जगात ज्यांच्याकडं ही गाडी आहे, त्यांना नवा ब्लॉक मिळत नाही. म्हणून तर आपण हा करायला घेतला.

करीम : ते म्हायती हाय मला. आतली भिंत तू जाड केलीस, पाण्याची वाट जरा बाजूला सरकवलीस. त्यापायी कोअरचा, आतल्या पोकळीचा साचा मी तीनदा मोडलाय.

तेजस्वी : हो. आतून ब्लॉक आपला आहे आणि बाहेरून तंतोतंत त्यांचा. आता ह्या जुन्या गाड्यांचं असं असतं, चाचा, की गाडीत तिचं जन्माचं इंजिन असलं तर तिचा मान निराळा. बदललेलं असलं तर ती नुसती जुनी गाडी. आणि जन्माचं आहे का नाही, हे लोक कशावरून ओळखतात? ह्या नंबरावरून, ह्या तारखेवरून. तो सात कलता आहे का, हेसुद्धा बघतात म्हणे. आता हा ब्लॉक बसवून कुणीही सांगेल, हे घ्या, त्र्याहत्तर सालचं अस्सल.

करीम : सांगू दे की. आपण कुठं सांगतोय?

तेजस्वी : आपण नाही, आपलं लोखंड सांगतंय.

करीम : त्या गॅरेजवाल्याला फसवायचं हाय का कुणाला?

तेजस्वी : नाही, म्हणून तर विचारलं त्यानं. नंबर काढा म्हणतोय. तुमच्या फाउंड्रीचं नाव घाला, सालही ह्याच वर्षाचं घाला, म्हणजे घेणाऱ्याला कळेल की हा नवा आणि सुधारलेला आहे.

करीम : मग काढू की. त्यात काय एवढं तोंड उतरवायचं?

तेजस्वी : आबांना विश्वजितचे फोन येतायत सकाळपासनं.

करीम : कुठला विश्वजित? शाहूपुरीतला? जुन्या गाड्या घेतो-विकतो, त्यो?

तेजस्वी : तोच. आबा परवा पेठ वडगावला लग्नाला गेलते. तिथं जेवताना मोबाइल काढून त्याला फोटो दाखवले. आमच्या पोरीनं केलंय, म्हणून.

करीम : बापच हाय त्यो. दाखवंलच.

(तेजस्वीचे वडील हंबीरराव, फाउंड्रीचे मालक, फोन खिशात घालत शेडमध्ये येतात.)

हंबीरराव : आठच्या आठ उचलतो म्हणतोय. आन फुडं जेवढं ओताल तेवढं. आलास व्हय रं करीम? बरं झालं. तुझ्या हाताला सोन्याचं कडं घालाय पायजे. विश्वजित म्हणतोय, आबा, असलं काम मी परदेशात बी बघितलं न्हाय.

करीम : माझं नाव घेतलं त्यानं?

हंबीरराव : नाव कशाला घेतोय? ह्यो सात बघून म्हणाला. फोटो मोठा करकरून बघत हुता, जिलबी तशीच ताटात. म्हणाला, सात असा बसवणारा माणूस जपून ठेवा.

तेजस्वी : आणि आपलं नाव कुठंच नको म्हणाला असेल.

हंबीरराव : नगो म्हणाला. नंबर ऱ्हाऊ दे, तारीख ऱ्हाऊ दे, कंपनीचा शिक्का मारू नका. एवढंच.

तेजस्वी : एवढंच.

हंबीरराव : तोंड वाकडं करू नगंस तेजा. मला बी कळतंय. पण तू हिशोबानं बघ की जरा. ट्रॅक्टरवाल्यांचं काम गेलं. भट्टी आठवड्यात दोन दिवस लागती. उरलेल्या दिवशी माणसं वाळू चाळत बसत्यात. शिरोलीत एका दारात भट्टी थंड पडली की माणूस दुसऱ्या दारात जातो, आन गेला की परत येत न्हाय. बाळासो गेला, मोल्डिंगचा. तुझ्या गॅरेजवाल्याला किती पायजेत? हे आठ. फुडं?

तेजस्वी : पुढं वर्षाला थोडेच. तो खोटं बोलला नाही, आधीच सांगितलं होतं त्यानं.

हंबीरराव : बघ म्हंजे.

तेजस्वी : आबा, ह्या ब्लॉकला मी दोन वर्षं घातली. आपल्या फाउंड्रीनं आजवर दुसऱ्यांच्या यंत्रांचेच भाग ओतले. पहिल्यांदा एक वस्तू पुरी आपली म्हणून निघाली, आणि ती दुसऱ्याच्या नावानं, माझ्या जन्माच्या आधीच्या तारखेनं बाहेर पाठवायची?

करीम : म्हंजे पोरगं आमचं आन आडनाव शेजाऱ्याचं.

हंबीरराव : तू गप रं. आकडे तूच घातलास.

करीम : घातलो की. नमुन्यावर हुते म्हणून घातलो. कुणाला टोपी घालाय न्हाय घातले. त्यो जिलबी सोडून माझा सात बघत बसला, ते मला आधी बरं वाटलं. आता वाटंना झालंय.

हंबीरराव : अरं, पण नुकसान कुणाचं हाय ह्यात, ते तर सांगा मला. जुना ब्लॉक तडकायचा, आपला तडकत न्हाय. घेणाऱ्याला जास्तच चांगला माल मिळतोय. त्याला वाटलं जुना हाय, तर वाटू दे की. त्याची गाडी पळती, आपली भट्टी पळती.

तेजस्वी : नुकसान कुणाचं, ते मला नाही सांगता येत. मी सकाळपासून त्याचाच विचार करतेय. पूजेलाही धड बसले नाही. पण एक विचारू?

हंबीरराव : इचार.

तेजस्वी : ह्यातला एखादा तुटला तर परत कुणाकडं येईल?

हंबीरराव : तुटणार न्हाय म्हणतोय न्हवं.

तेजस्वी : कबनूरच्या यंत्रमागाचं आपलं चाक तरी कुठं तुटणार होतं?

हंबीरराव : ते कशाला काढतीस आता?

तेजस्वी : मला आठवतं ते. मी लहान होते, गाडीच्या टाकीवर बसून आलते तुमच्याबरोबर. सयाजीरावांच्या मागाच्या शेडमधे तुम्ही उभे, ते सगळ्या कामगारांसमोर तुम्हाला बोलत होते. माग बंद पडला, माल अडकला, तुमच्या लोखंडाला काय चाटायचंय, असलं सगळं. ते बोलून थकले, तेव्हा म्हणालात, तुटलेलं चाक द्या. पोत्यात घालून घेऊन आलात.

करीम : आन आणून ठेवलं अंबाबाईच्या फोटोखालच्या फळीवर. मी म्हटलं, मालक, भट्टीत टाका की, लोखंड हाय. म्हणाले, का तुटलं ते कळल्याबगर टाकायचं न्हाय.

तेजस्वी : आणि कळलं का?

हंबीरराव : कळलं. साच्याच्या एका कोपऱ्यात वाळू वली ऱ्हायलेली. आतनं पोकळ झालतं, वरनं दिसंना. त्यापायी तर वाळू तापवून घ्याय लागलो आपण.

तेजस्वी : आजही भट्टी लावायच्या आधी आपली माणसं देवीच्या पाया पडतात, आणि मग खालच्या फळीवरच्या, परत आलेल्या तुटक्या भागांना हात लावतात. हे तुम्हीच लावून दिलंय. ती फळी कुणामुळं भरते आबा? ओतकामावरचं आपलं नाव वाचून लोक परत आणतात, म्हणून भरते. विश्वजितनं नेलेलं लोखंड कुठंही गेलं, कुणाच्याही गाडीत तुटलं, तरी ह्या फळीवर नाही येणार. मग आपल्याला कळणार कसं, आपलं काय चुकलं ते?



करीम : मालक, चहा निवतोय.

हंबीरराव : निवू दे. फोन दे माझा. खिशातच हाय की. थांबा, बोलू नका कुणी... हां, विश्वजित. हंबीरराव. एक इचारायचं ऱ्हायलं... न्हाय, दराचं न्हाय. समज, त्यातला एखादा ब्लॉक उद्या तडकला... तडकत न्हाय रं, समज म्हणतोय... हां... हां... असं... बरं... न्हाय, कळलं मला. चांगल्या मनानंच सांगतोयस तू... मग एक कर, दुसरीकडं कुठं बघ तू... न्हाय, रागावलो न्हाय. एका पंगतीत जेवलोय की आपण... पोरीचा काय संबंध? मीच सांगतोय. ठेवतो.

करीम : काय म्हणाला?

हंबीरराव : म्हणाला, आबा, तुम्ही घोर लावून घेऊ नका. काय बी झालं तरी तुमच्यापतूर काय येणार न्हाय.

तेजस्वी : आणि तुम्ही...

हंबीरराव : मी काय? त्यो मला धीर द्यायला बोलला. आन मला कसंतरीच झालं. कबनूरला एवढ्या शिव्या खाल्ल्या, तवा बी तसं झालं नव्हतं.

तेजस्वी : आबा, भट्टी दोनच दिवस लागेल मग.

हंबीरराव : दोन दिवस तर दोन दिवस. तुझा गॅरेजवाला आठ गिऱ्हाइकांना सांगंल, त्यातला एखादा आणखीन कुणाला सांगंल. न्हायच सांगितलं कुणी, तर बघू. उद्या सगळ्या कामगारांस्नी मी बोलतो, तू मधी पडू नगंस. आन बाळासोला सांगाय जाऊ नगंस, परत ये म्हणून. त्याचं बस्तान बसू दे तिकडं. करीम, ब्लॉकवरचे आकडे घासून निघतील का रं?

करीम : उठावाचे हायत, ग्राइंडर मारला की गेले. भिंतीला धक्का लागत न्हाय. पॅटर्नवरचे पितळेचे मी आत्ताच उचकटतो, नमाजाच्या आधी. चार टाचण्या तर हायत.

तेजस्वी : ते आकडे घरी न्या चाचा. टाकू नका. फार मन लावून केलेत.

करीम : घरी नेऊन काय करू? दाराला लावू? आमच्या घराचा नंबर निराळा हाय. पोस्टमन चुकायचा.

हंबीरराव : दे हिकडं. कागदाच्या गठ्ठ्यावर ठेवाय बरे हायत. पंख्यानं उडत्यात माझे कागद.

करीम : घ्या. हं, आता एवढी जागा मोकळी झाली. तेजाबेटा, काय घालायचं हितं ते नीट कागदावर लिहून दे. मागनं म्हणशील, चाचा, हे कुणी घातलं?

तेजस्वी : फाउंड्रीचं नाव. खाली कोल्हापूर. खाली ह्या वर्षाचं साल. बास.

करीम : मराठीत का विंग्रजीत?

तेजस्वी : इंग्रजीत. गाड्या तिकडच्या आहेत, वाचता यायला हवं.

हंबीरराव : फोन नंबर बी घाल.

तेजस्वी : इंजिनवर फोन नंबर कुणी घालत नाही, आबा.

हंबीरराव : मग तुटल्यावर माणसानं हुडकायचं कुठं?

करीम : बरोबर हाय की. जागा हाय तेवढी. मोबाइलचा घालू का हापिसातल्या जुन्या फोनचा?

हंबीरराव : जुन्या फोनचा घाल. मी नसलो तरी त्यो हितंच वाजंल.