पार्माची राणी इंझोरीत

नाण्यांचं वेड बघायचं असेल तर आमचा नारायण मास्तर बघावा. इटलीत पूर्वी पार्मा नावाचं एक संस्थान होतं म्हणे. त्याची तीन जुनी नाणी कामरगावात, ह्याच्या पेटीत! चौथं हवं होतं, राणीच्या मुखड्याचं. त्यापायी कुठकुठल्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहून गडी थकला.

दुसरं महायुद्ध संपलं आणि कळलं, इटलीहून परतलेल्या इंझोरीच्या एका शिपायानं नेमकं तेच आणलंय. मास्तरनं मलाही ओढत नेलं. शिपाई शेतात गेलेला. त्याच्या आईनं देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं अन्नपूर्णेशेजारी पार्माची राणी! चिंचेनं घासून लखलखीत, कपाळाला हळदीकुंकू. जुनं नाणं कधी घासायचं नसतं, त्याचं मोल उतरतं. मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं.

"मावशी, हे बाई कोन हाय, ठावं हाय का तुमाले?"

"हाय ना! माहा पोरगा तिकडं दुश्मनाच्या कैदेतून पयाला, तवा एका म्हातारीनं त्याले घरात लपवून जेवू घातलं. निंगतानी हे देलं. हेच ते बाई. माही बहीनच हाय, बाप्पा!"

मास्तरनं नाण्याला हात जोडले आणि बाहेर आला.

वाटेत मी म्हटलं, "काहून रे, मागितलं नाहीस? तुहा संग्रह तर अधुराच राह्यला."

"अधुरा कायले? तिघं माह्यापाशी हायेत. चौथी बहिनीकडं राह्यले गेली."