बुधाजींच्या फावड्याबाबत

मी, श्रीमती सगुणा दयाराम गावंड, वय ६३ वर्षे, धंदा भातशेती, राहणार बुधाजीचा खार, तालुका अलिबाग, पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष येऊन सांगते की,

गावातले 'बुधाजी स्मृतिघर' हे आमचे राहते घर होते. माझे आजेसासरे बुधाजी यांनी खाडीला बांध घालून जमीन काढली, तिच्यावर हे घर बांधले. गाव त्यानंतर वसले. मुले ट्रकच्या धंद्यात पनवेलला गेली. यजमान वारल्यावर मी घर ट्रस्टला संग्रहालयासाठी दिले. तोंडी अट एकच घातली, की बांध फुटला तर बुधाजींचे फावडे बाहेर द्यायचे. आमच्याकडे पहिले ढेकूळ त्याच फावड्याने घरच्या माणसाने टाकायचे असते. त्याआधी कोणी बांधाला हात लावत नाही. ट्रस्टचे व्यवस्थापक धनेश ठाकूर तेव्हा हो म्हणाले होते.

परवाच्या उधाणात बांध फुटला. पुतण्या हितेश धावत आला, "काकी, खारा पानी शेतान घुसला, फावरा दे!" लोक आपापली फावडी घेऊन बांधावर नुसते उभे होते. फावडे संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवलेले होते, म्हणून मी धनेशला फोन लावला. तो माणगावला होता. "काकी, काचेला हात लावू नका, मी आल्यावर बघू," म्हणाला. "भरती तुझी वाट बघत बसंल काय?" असे मी विचारले. मला राग आला होता. संग्रहालय उघडेच होते. तिथल्या स्वयंपाकघरात मांडलेला वरवंटा घेऊन मी काच फोडली. वरवंटा माझ्या सासूबाईंचा आहे. तो परत जागेवर ठेवला.

पहिले ढेकूळ मी टाकले. ट्रस्टने दांड्याला पॉलिश केले होते. ओल्या हातातून फावडे सटकले आणि फुटलेल्या जागी पडले. मागून माती पडत होती. कोणी थांबले नाही, मीही कोणाला थांबवले नाही. बांध बांधून झाला, भात वाचले.

धनेशने चोरीची तक्रार दिली, याचे मला फार वाईट वाटले. त्याच घरात मी नवरी होऊन आले होते.

फावडे बांधाच्या पोटात आहे. जप्तीसाठी बांध खणायला माझी हरकत आहे. त्यापेक्षा माझे नाव चोर म्हणून लिहा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो आहे, म्हणून सही केली.